‘स्वखुशीने’ या शब्दाबाबत

अर्जदार : एक शिक्षिका, विषय गणित व विज्ञान, राहणार सिंदी मेघे, नोकरी सेलू तालुक्यातील एका खाजगी अनुदानित शाळेत. त्यांचे नाव येथे देणे मला उचित वाटत नाही.

गैरअर्जदार : सदर शाळेच्या संस्थेचे सचिव, तसेच त्याच शाळेतील एक शिक्षक, जे सेवेत बाईंपेक्षा कनिष्ठ असून आज मुख्याध्यापक आहेत.

दिनांक : दिवाळीच्या सुट्या लागण्यापूर्वीचा शनिवार. सकाळची शाळा आटोपल्यावर.

साक्षीदार : एकच. मी स्वतः, अर्जनवीस, राहणार बोरगाव मेघे.

माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले आहे. ही गोष्ट मी कोणापासून लपवीत नाही, कारण ज्यांचे शिक्षण माझ्या दुप्पट झालेले आहे अशी माणसे तीस वर्षांपासून कचेरीच्या आवारातील माझ्या टेबलासमोर बसून कागद लिहून घेत आली आहेत. माझ्या लिखाणातील एक तरी चुकीचे वाक्य काढून दाखवावे असे मी नव्या वकिलांना अनेकदा म्हटले आहे. कोणी काढले नाही.

त्या शनिवारी बाई आल्या तेव्हा त्यांच्या हाताला खडू तसाच होता. बाकावर बसून त्यांनी जे सांगितले ते असे. जुने मुख्याध्यापक निवृत्त होत होते. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्यानंतर बाईंचे नाव होते आणि बाईंनंतर त्या सरांचे. नियमाप्रमाणे खुर्ची बाईंची. परंतु सचिवांनी त्यांना बोलावून घेतले आणि फार गोड शब्दांत समजावले की कचेऱ्यांत हेलपाटे घालणे, संध्याकाळच्या सभा, गावातील चार माणसांशी बोलणे हे बाईमाणसाला जड जाते. तेव्हा हक्क सोडत असल्याचे लिहून द्यावे. न दिल्यास जंगलाकडील शाखेवर बदली होईल, हेही त्याच गोडीने सांगितले. बाईंची मुलगी बारावीला होती.

मी विचारले की मुख्याध्यापक होऊन त्यांना नेमके काय करायचे होते. हा प्रश्न लिखाणासाठी आवश्यक नव्हता, तरी विचारला. त्या म्हणाल्या की सव्वीस वर्षे प्रत्येक संमेलनात पाहुण्यांच्या औक्षणाचे ताट त्यांच्या हातात आणि माईक कोणत्यातरी सरांच्या हातात, हे त्यांनी चालवून घेतले. पण त्यांच्या शाळेत नव्याने नोकरीला लागलेल्या मुलींना बाळंतपणाची रजा मागायची असली तर मुख्याध्यापकांच्या खोलीत सचिवांसह तीन पुरुषांपुढे उभे राहून, कितवा महिना, हे तोंडाने सांगावे लागते. ते त्यांना बंद करायचे होते. त्या खोलीत त्या मुलींसाठी एक खुर्ची ठेवायची होती आणि दार लावून घ्यायचे होते. एवढेच.

मी पेन्सिलने टिपणे घेतली आणि विचारले, हक्क सोडण्याचे कारण काय लिहू.

“कारण त्याहीलेच विचारा,” त्या म्हणाल्या. “मले तं लिहून द्या म्हणून राह्यले.”

आता माझ्या धंद्यातील एक पद्धत सांगणे भाग आहे. हक्कसोड असो, वाटणी असो, राजीनामा असो, पहिल्या ओळीत ‘स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय’ हे शब्द घालावेच लागतात. मला हे माझ्या गुरूंनी शिकवले आणि मी ते आजवर एकदाही विसरलो नाही. कारणाच्या जागी पुरुष असेल तर मी ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ लिहितो, बाई असेल तर ‘कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे’. असे का, हे मला त्या दिवसापर्यंत कोणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

टंकलेखन झाल्यावर मी कागद मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्याच ओळीला त्यांनी हात वर केला, जसा वर्गात मुले करतात.

“भाऊ, स्वखुशीनं काऊन लिहिलं?”

“त्याच्याशिवाय कागद उभा नाई राहत, बाई.”

त्या जराशा हसल्या. “बरं. मंग त्याले उभा राहू द्या, मी बसतो.” आणि सही केली.

पुढे सर मुख्याध्यापक झाले, म्हणजे कार्यभार घेतला. शिक्षण खात्याची मान्यता यायची होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लेखी आदेश काढला की ज्येष्ठ महिला शिक्षिका या नात्याने बाईंनी मुलींच्या प्रसाधनगृहाची स्वच्छता व पोषण आहाराची चव यांवर देखरेख ठेवावी आणि त्याकरिता त्यांचे दहावीचे विज्ञानाचे तास कमी करण्यात येत आहेत. हा आदेश बाईंनी मला दाखवला. त्यांना राग कामाचा नव्हता. प्रसाधनगृह आधीही त्याच पाहत होत्या. ‘या नात्याने’ या शब्दांचा राग होता.

बाईंनी मान्यतेपूर्वी शिक्षण खात्याकडे स्वतःच्या अक्षरात अर्ज केला की हक्क सोडल्याचे पत्र दबावाखाली दिलेले असून ते रद्द समजावे. हा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला नाही, याचे मला तेव्हा वाईट वाटले होते. सुनावणी लागली. आदल्या दिवशी त्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या की साक्षीदार म्हणून त्यांनी माझे नाव दिले आहे.

“तुम्ही जास्त काई सांगू नका. मी काय म्हटलं होतं, तेवढंच सांगा.”

मी हो म्हटले. घरी पांढरा सदरा इस्त्री करवून घेतला. जबानी कशी द्यावी याची वाक्येही मनात जुळवली.

सुनावणीच्या खोलीबाहेर सचिव उभे होते. माझ्यासारख्या माणसाला खात्याच्या व्हरांड्यात आजवर कोणी बसा म्हटलेले नव्हते. सचिव पुढे आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, “या वकीलसाहेब.” आपली खुर्ची मला दिली. तिथल्या चार लोकांना सांगितले की या माणसाच्या मसुद्यात अजून कोणी कानामात्रेची चूक काढलेली नाही. बाई समोरच्या भिंतीशी उभ्या होत्या. त्यांना बसायला जागा उरली नव्हती, आणि मी उठलो नाही.

आत खात्याच्या साहेबांनी सर्वांना सभ्यपणे वागवले. त्यांच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. त्यांनी पत्र हातात घेतले आणि मला योग्य तोच प्रश्न विचारला : ‘स्वखुशीने’ हा शब्द बाईंनी सांगितला होता की तुम्ही घातला?

उत्तर तीन शब्दांचे होते. मी घातला, साहेब. परंतु ते तीन शब्द म्हणजे मी अशिलाच्या तोंडी न बोललेले शब्द घालतो, आणि तीस वर्षे घालत आलो आहे, अशी कबुली होती. सचिव माझ्याकडे पाहत होते. व्हरांड्यातले ‘वकीलसाहेब’ अजून माझ्या कानात होते. मी म्हणालो, “साहेब, पक्षकार सांगतात तेच आम्ही लिहितो. वाचूनही दाखवतो. बाईंनी वाचन ऐकून सही केलेली आहे.”

यातील दुसरे आणि तिसरे वाक्य खरे आहे. पहिले वाक्य खोटे आहे.

बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी साहेबांना एवढेच विचारले, “झालं का? मले चौथ्या तासाले पोहोचा लागते.” पत्र वैध ठरले. सरांना मान्यता मिळाली. बाईंच्या निवृत्तीला थोडी वर्षे उरली आहेत आणि सर वयाने लहान आहेत, म्हणजे ती खुर्ची आता त्यांच्याकडे यायची नाही, हे हिशेब न करताही कोणाला कळेल.

त्यानंतर माझे कामात लक्ष लागेना. पहिली ओळ आली की हात थांबू लागला. एका रविवारी मी सिंदी मेघेला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या यजमानांनी पाणी दिले आणि ते आत गेले. बाई जमिनीवर बसून उत्तरपत्रिका तपासत होत्या. मी माफीचे चांगले शब्द योजून नेले होते. अर्धे बोललो असेन, तोच त्यांनी लाल पेन खाली ठेवले.

“माफी मले नका मागू, भाऊ. मी हाव म्हणीन, तुम्ही मोकळे होऊन जासान. जिथं बोलले, तिथं बोला.”

मी म्हटले की असे बोललो तर माझ्या टेबलाशी कोण येईल; लोक म्हणतील, हा मनचे लिहितो.

“हाव, म्हणतीन,” त्या म्हणाल्या आणि पुढची उत्तरपत्रिका उचलली.

ते खरे आहे. म्हणतील. दोन महिने मी हाच विचार करीत होतो आणि अजूनही तो संपलेला नाही. माझ्या घरचे या कागदाच्या विरोधात आहेत. तरीही तो मी लिहीत आहे, आणि बाईंच्या सांगण्यावरून नव्हे, कारण त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

सबब शिक्षण खात्याच्या संबंधित साहेबांस विनंती की, त्या सुनावणीतील माझी जबानी चुकीची असल्याने ती फेटाळून माझी जबानी नव्याने, शपथेवर घ्यावी. मी बोलावल्या दिवशी हजर राहीन आणि उभा राहूनच सांगेन. खोट्या जबानीबद्दल माझ्यावर जी कारवाई नियमात बसत असेल ती करावी. हक्क सोडल्याचे ते पत्र बाईंच्या इच्छेने लिहिले गेले नाही, असे धरून त्यांच्या प्रकरणाचा फेरविचार व्हावा. फेरविचार होऊ शकत नसेल, तर तो का होऊ शकत नाही, हे लेखी कळवावे. आणि ते उत्तर मला न पाठवता थेट बाईंना पाठवावे.