आधी बघा, मग वाका

विजयाताई रणवरे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मीही काही लिहावे, असे मंडळींनी सांगितले आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागेना. शाळा माझी सातवीला सुटली. ज्यांच्याविषयी लिहायचे त्या मोठ्या इंजिनिअर, आणि वाचणारे तुम्ही सगळे शिकलेले. माझ्या हातून काही वेडेवाकडे लिहिले गेले तर ताईंना कमीपणा येईल, ही धास्ती हे लिहितानाही आहे. तरी लिहितो, कारण यातली एक गोष्ट माझ्या घरातली आहे. ती मी नाही सांगितली तर ताई कधीच सांगणार नाहीत.

ताईंची माझी पहिली ओळख घरापासून लांब एका कामावर झाली. रेल्वेच्या डोक्यावरच्या तारेचे काम चालले होते. मी खांबावर होतो. खाली डोक्याला रुमाल बांधलेल्या एक तरुण बाई उभ्या राहिल्या आणि वर बघून म्हणाल्या, "आबा, कमरंचा पट्टा न्हाय लावला तुमी." मी म्हणालो, "लावतो की मॅडम, एवढं झालं की." त्या म्हणाल्या, "मी थांबते. लावा." उन्हात त्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी मलाच लाज वाटली आणि मी पट्टा लावला. उतरल्यावर त्यांनी गाव विचारले. मी शेळगाव सांगितले. "मी सणसरची, तुमच्याच बाजूची," त्या म्हणाल्या. "म्हंजी आता तुमी पडला तर तुमच्या घरी मलाच यावं लागंल. तवा पडू नका." तेव्हापासून त्या माझ्या ताई झाल्या. वयाने त्या माझ्याहून कितीतरी लहान आहेत, पण तोंडातून दुसरा शब्द निघाला नाही.

मी जात्याच घाबरट माणूस. वारे सुटले की तार तुटेल, पाऊस आला की खांब कलेल, असेच माझ्या मनात येते. कामावरची माणसे मला हसत. "आबाचा बीपी हवामान खात्याला जोडा," असे म्हणत. मी ताईंना वेळीअवेळी फोन करायचो. एकदाही त्या वैतागल्या नाहीत. उलट एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हसू नका. धा शूर माणसं असली की मला एक घाबरणारा लागतो. त्येला आधी दिसतं." आयुष्यात माझ्या घाबरण्याची किंमत करणारे माणूस मला हे एकच भेटले.

आता त्या मोठ्या कामाविषयी. पूर्व किनाऱ्यावरच्या एका शहरात रोजच्या नोकरदारांची, मासळीवाल्या बायकांची एक लाइन आहे. शहराचे नाव लिहीत नाही. गाडी अजून चालू आहे, लोकांच्या मनात उगीच भीती नको. त्या लाइनीला डोक्यावर तार होती. समुद्राचे खारे वारे तारेला खाऊन टाकायचे आणि वादळ आले की झाडे तारेवर पडून गाडी बंद. म्हणून तार काढून तिसरा रूळ टाकायचे ठरले आणि ते काम ताईंकडे आले. तिसरा रूळ म्हणजे गाडीच्या दोन रुळांच्या शेजारून जाणारा आणखी एक रूळ. वीज त्यातून वाहते. गाडीच्या चाकापाशी लोखंडी बूट असतो, तो या रुळाला घासत जातो आणि वीज घेतो. वर काही नाही. सगळे पायाशी.

ताईंनी इंदापूर आणि बारामतीकडची आमची माणसे बोलावली. त्यात माझा मुलगा दत्ता होता. मला गुडघ्यांमुळे खांब चढवत नव्हता, तरी ताईंनी मला मुकादम म्हणून नेले. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, "ताई, ही सगळी वर बघणारी माणसं हायती. जलमभर मरण वर हुतं. खाली बसून आमी भाकरी खाल्ली. आता मरण खाली आणलं तुमी." ताईंनी सगळ्या माणसांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "आबा, एकबी माणूस कमी करून मी सणसरला तोंड दाखवणार न्हाय." हे त्या मोठ्याने म्हणाल्या नाहीत. पण मी ऐकले होते, आणि पुढे सारे काम होईपर्यंत मी त्याच बोलण्यावर दिवस काढले.

चालू लाइनीवर हे काम झाले. लोकांच्या गाड्या वरच्या तारेवर धावत राहिल्या आणि खाली आम्ही नवा रूळ टाकत गेलो, सुट्टीच्या दिवशी गाडी बंद ठेवून थोडा थोडा. धावत्या बैलगाडीचे चाक बदलावे तसे ते काम. एवढी माणसे, एवढे लोखंड, आणि सगळे ताईंच्या डोक्यात बसलेले असायचे. मी त्यांच्याकडे बघत राही. देवळात गेल्यावर माणूस गप्प होतो तसे व्हायचे. नव्या रुळात वीज सोडायची चावी त्या दोरीत ओवून गळ्यात घालत. आमच्यातला एक जण चेष्टेने म्हणाला, "ताई, तिजोरीची चावी जणू." त्या म्हणाल्या, "तिजोरीचीच हाय. आत तुमी हायसा."

तार बंद करून नव्या रुळात वीज सोडायचा दिवस आला. स्टेशनावर मांडव, पाहुणे, मोठे साहेब, टेबलावर पूजेचे ताट. सगळ्या टोळ्यांनी माणसे फलाटावर आल्याचे कळवले होते. पाहुण्यांना घाई होती म्हणून त्यांनी भाषण आवरते घेतले आणि साहेब ताईंकडे चावी मागू लागले. मी मागे उभा होतो. मला दत्ता दिसेना. मघाशी होता, आता नव्हता. मी दोन माणसांना विचारले. ते म्हणाले, "आबा, आता तरी गप बसा, चहा प्यायला गेला आसंल." मला राहवले नाही. पाहुण्यांच्या रांगेतून वाट काढत मी ताईंपाशी गेलो आणि म्हणालो, "ताई, दत्ता दिसत न्हाय."

ताईंनी माझ्याकडे बघितले नाही. त्यांनी पूजेच्या ताटाकडे बघितले. "आबा, ताटात नारळ दोन हुते का?"

"व्हय, दोन हुते."

एकच होता. ताईंचा चेहरा बदललेला मी तेवढा एकदाच पाहिला. त्या साहेबांना म्हणाल्या, "चावी आता मिळणार नाही." साहेब म्हणाले, "मॅडम, मुहूर्त टळतोय. पाहुणे उभे आहेत." ताई म्हणाल्या, "टळू द्या." आणि चावी गळ्यात तशीच ठेवून फलाटाच्या टोकाकडे चालू लागल्या.

बाहेरच्या माणसाला हे कळले नसते. ताई सणसरच्या, म्हणून त्यांना कळले. आपल्याकडे नवा ट्रॅक्टर दारात आला की चाकाला कुंकू लावून नारळ फोडल्याशिवाय कुणी किल्ली फिरवत नाही. विहिरीवर मोटार बसवली तरी तेच. आणि आमची माणसे रोज कामाला लागताना रुळाला हात लावून तो कपाळाला लावतात. वर तार होती तेव्हा त्यात काही भय नव्हते. मांडवातली पूजा पाहुण्यांसाठी झाली, रुळाची झालीच नाही, हे आमच्या पोरांच्या मनाला लागून राहिले होते.

फलाट संपतो तिथे वळणाआड दत्ता बसला होता. चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून नव्या रुळावर बसवलेले झाकण सरकवून त्याने रुळाला हळद लावली होती आणि कुंकवाचे बोट टेकवत होता. भाषण लांबेल, तोवर आपले उरकेल, असा त्याचा हिशेब. ताई शांतपणे म्हणाल्या, "दत्ता, काय करतोस रं?"

"ताई, नवा रूळ हाय. बिनपूजेचा चालू करायचा का?"

मला वाटले आता ताई त्याच्या कानाखाली काढतील. मीच काढली असती. पण ताई त्याच्याजवळ खाली बसल्या. कुंकवाची पुडी घेतली आणि स्वतःच्या बोटाने रुळाला कुंकू लावले. म्हणाल्या, "फोड नारळ." चावी ताईंच्या गळ्यात बघून, ती साहेबांच्या हाती गेली असती तर काय झाले असते हे दत्ताला तेव्हा उमगले, आणि त्याने नारळ ताईंपुढे केला. मग ताईंनीच नारळ फोडला, झाकण बसवले आणि म्हणाल्या, "हा शेवटचा हात. आजपासनं ह्येला कुणी शिवायचं न्हाय. आणि इथनं पुढं कुठंबी वाकायचं झालं तर आधी बघायचं, मग वाकायचं. म्हण."

दत्ता म्हणाला. मग मीही म्हणालो. मला कुणी सांगितले नव्हते.

तिघे वर आलो. ताईंनी दोन्ही बाजूंना पुन्हा एकदा नजर टाकली आणि मग चावी दिली. साहेब संतापले होते. पाहुण्यांना ताटकळत का ठेवले, असे त्यांनी चारचौघांत विचारले. ताई म्हणाल्या, "माझ्याकडून उशीर झाला." एवढेच. दत्ताचे नाव त्या दिवशी निघाले नाही आणि नंतर कुठल्या कागदावरही आले नाही. पहिली गाडी आली. वर तारेला न शिवता, जमिनीतून जीव घेतल्यासारखी ती सरकत गेली. लोक टाळ्या वाजवत होते. मी दत्ताचा हात धरून उभा होतो आणि तो सोडवून घेत नव्हता.

ताईंचे मोठेपण मला त्यापुढच्या गोष्टीत जास्त दिसले. धोक्याच्या पाट्या तर सगळीकडे होत्याच. दुसऱ्या कुणी आणखी लावल्या असत्या, दंड ठेवला असता. ताई मला म्हणाल्या, "आबा, हात बांधता येत न्हाईत. हाताला दुसरी जागा द्याय लागती." त्यांनी त्याच रुळाचा उरलेला एक तुकडा कामाच्या फाटकापाशी सिमेंटमध्ये उभा करवला. कामावर जाताना ज्याला नमस्कार करायचा त्याने तिथे करावा. आमच्या माणसांनी त्याला हळदकुंकू वाहिले. तिथले स्थानिक कामगारही येता-जाता हात लावू लागले, कुणी छातीशी नेतो, कुणी ओठांशी. फाटकाच्या आत गेल्यावर रुळाकडे मग कुणाचा हात गेला नाही. ताई सगळी माणसे घेऊन परत आल्या.

दत्ता पुढे तिथेच देखभालीच्या कामाला परत गेला, आजही तिथे आहे. रोज फाटकापाशी आला की मला फोन करतो, "आबा, हात लावला." मग माझा चहा घशाखाली उतरतो. बारामतीच्या स्टेशनात मी कधी गेलो तर आता वर तार दिसते. जुन्या सवयीने मी तिच्याकडे बघतो, आणि मग पायाशी बघतो.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघे माझ्यासारखे न होवोत आणि नजर अशीच राहो. तुम्ही नोकरीतून मोकळ्या झालात तरी माझे फोन येत राहतील, ते घेत जा. सत्काराच्या दिवशी सगळे तुमच्या पाया पडतील. मी वयाने मोठा म्हणून तुम्ही मला पडू देणार नाही, हे मला माहीत आहे. पण मी येणार आहे, दत्तालाही रजा काढून बोलावले आहे. आम्ही दोघे तुमच्यासमोर उभे राहू. आधी नीट खाली बघू, आणि मग वाकू.

बबन मारुती शेलार
शेळगाव, ता. इंदापूर