चांदी चढवलेला भिश्ती

गुरखा पलटणींना मिळालेली मोहिमांची जुनी पदकं मी आयुष्यभर जमवली. बुऱ्हाणपुरात लोक मला त्यासाठीच ओळखतात. त्यांतल्या एका पदकाबद्दल मात्र मी वर्षानुवर्षं खोटं सांगत आलो. एकट्याने खिंड अडवून धरणाऱ्या शिपायाची गोष्ट ज्यांनी माझ्या तोंडून ऐकली, त्यांनी ती विसरावी. ती खिंड मी रचली होती.

ते पदक लोधीपुऱ्यात आमच्या गल्लीत रात्री पहारा देणाऱ्या नेपाळी चौकीदाराच्या आजोबांचं. "घरात पोरं खेळतात त्याच्याशी," तो म्हणाला होता. "तुमच्याकडे ठेवा. आजोबा पलटणीबरोबर राहतील."

माझी बाकीची पदकं चांदीची, हे तांबूस, ब्राँझचं. लढणाऱ्याला चांदीचं मिळे, सोबतच्या भिश्त्या-हमालांना ब्राँझचं. पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं असतं. या नावाआधी इंग्रजीत 'भिश्ती' होतं, म्हणजे पखालीतून पलटणीला पाणी पुरवणारा. चांदीच्या रांगेत तो मला खटकू लागला. जरीच्या या गावात मुलामा देणारे काय कमी? एकाकडून त्यावर चांदी चढवून आणली. पाहुण्यांना दाखवताना माझा अंगठा बरोबर त्या पहिल्या शब्दावर असायचा.

चौकीदार वारला. यंदा दसऱ्याच्या तोंडावर त्याची नेपानगरला दिलेली मुलगी आली.

"काका, बाबांचं मेडल द्या. टिळा लावायचाय."

मी काढून दिलं. तिने उलटंसुलटं पाहिलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं.

"हे आमचं नाही. आमचं तांब्याचं होतं. मीच चिंचेने घासायची."

"तेच आहे, बाई."

"चिंचेने तांब्याची चांदी झाली असती, तर बाबा रातभर शिट्टी मारत कशाला फिरले असते?"

बायको आतून म्हणाली, "सांगा ना आता खिंडीची गोष्ट!"

गप्प राहिलो असतो, तर पोरगी बापाची वस्तू हरवली असं समजून रिकाम्या हाताने गेली असती. मी सगळं सांगितलं. तिला घेऊन मुलामावाल्याकडे गेलो. त्याने तेजाबात घालून चांदी उतरवली, पाण्याने धुऊन पदक तिच्या तळहातावर ठेवलं. तांबूस रंग दिसताच तिने ते कपाळाला लावलं.

"काय लिहिलंय यावर?"

मी कडेवरचं सगळं वाचून दाखवलं, पहिल्या शब्दापासून.

"हां, तेच. पाणीवाले."

"पुन्हा रांगेत ठेवू का? आता खरं तेच सांगेन."

"शिपाई तुमचा होता काका, तो तुम्ही ठेवा. पाणीवाला आमचा. तो मी नेते."

पदक पदराच्या गाठीत बांधून ती निघाली.

कपाटातल्या मखमलीवर ती जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. कोणी विचारलं की सांगतो, इथे एक भिश्ती होता. तो घरी गेला.