साडूभाऊंची तयार गाडी आणि आमची घरची

आमचे हे वीज खात्यातून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत अमरावतीच्या आमच्या अंगणात एक जुनी काळीपिवळी जीप येऊन उभी राहिली. परतवाड्याच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं सवाऱ्या कोंबून धावलेली. एक दार दोरीने बांधलेलं, सीटखाली शेंगांची टरफलं.

"हे काय आणलं?" मी विचारलं.

"घर," हे म्हणाले. "यातच झोपाचं, यातच सैपाक कराचा. डोंगरात, नदीकाठी, जिथं मन लागलं तिथं थांबाचं."

त्याच सुमारास अकोल्याहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या यजमानांचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे. त्यांनीही गाडी घेतली होती, पण पुण्याहून, अगदी तयार. छतावर बटण दाबलं की उघडणारा तंबू, मागे सरकणारा ओटा, फ्रीज, अंघोळीचा फवारा. "ताई, आमच्या घरच्यापेक्षा गाडीतला फ्रीज चांगला आहे," ती म्हणाली. आवाजात आनंद कमी आणि तक्रार जास्त होती.

ह्यांनी फोनवरूनच साडूभाऊंची कीव केली. "तयार गाडीत कायचा आनंद? दुसऱ्यानं विचार केला, तुम्ही फक्त बसले."

साडूभाऊ तिकडून म्हणाले, "तुमचा विचार संपेपर्यंत मी मेळघाट फिरून येतो नं!"

झालं. ह्यांनी एका वेल्डिंगवाल्या चाचांना गाठलं. चाचा ह्यांच्याच वयाचे आणि ह्यांच्याइतकेच हौशी. रोज सकाळी हे जुना शर्ट घालून जायचे आणि संध्याकाळी भुवया जाळून यायचे. एकदा चाचा मला म्हणाले, "भाभी, किचन किधर होना, तुम बोलो." मी सांगितलं त्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला किचन झालं. पलंगाचं माप घ्यायला चाचा स्वतः आडवे झाले. चाचा ह्यांच्या जेमतेम खांद्याला लागतात, ही गोष्ट पलंग पक्का बसल्यावर दोघांच्या लक्षात आली. "गुडघे मोडून झोपलेलं तब्येतीले चांगलं," हे म्हणाले.

कागदपत्रं बदलली, गाडीला पांढरा रंग दिला. पण मागच्या बाजूची 'परतवाडा – धारणी' ही अक्षरं काही केल्या दबेनात. उन्हात तर ती आणखीच उठून दिसायची.

हिवाळ्यात चौघांनी मिळून निघायचं ठरलं. जंगलात मुक्काम करू देत नाहीत, म्हणून परतवाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, ह्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या संत्र्याच्या बागेत उतरायचं होतं. अकोलेकर अकोटवरून येणार, आम्ही अमरावतीहून, आणि भेट परतवाड्याच्या स्टँडजवळ.

आम्ही तिथे थांबलो. हे चहा आणायला उतरले. तेवढ्यात मागचं दार उघडून एक म्हातारी पिशवी घेऊन आत आली आणि पलंगावर ऐसपैस बसली. तिच्यामागून दोन बाप्ये चढले. एकाने माझ्या मसाल्याच्या डब्यावर पाय ठेवला.

"आजी, ही सवारीची गाडी नाही," मी म्हणाले.

"कावून नाही? इतकी वर्सं याच गाडीनं जाऊन राहिली मी," म्हातारीने गादी चाचपली. "आता बरं केलं बाप्पा. झोपून जाता येते."

हे चहा घेऊन आले. बाप्ये समजूत घातल्यावर उतरले, म्हातारी उतरेना. तिचं गाव आमच्या वाटेवरच, बागेला लागून होतं. साडूभाऊ आपली चकचकीत गाडी घेऊन आले, तेव्हा आमच्या गाडीत ती आडवी होऊन घोरत होती. "पहिलं गिऱ्हाईक?" साडूभाऊंनी विचारलं.

बागेत पोचलो. साडूभाऊंनी बटण दाबलं, आणि छतावरचा तंबू घूंऽऽ करत उभा राहिला. खरंच देखणा होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण त्यांचा चेहरा मला माहीत होता.

म्हातारीने गावात जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण अर्ध्या तासात निम्मं गाव बागेत आलं. "भाऊ, एकडाव दाखवा ना!" साडूभाऊंनी तंबू मिटला, उघडला. नंतर आलेल्यांसाठी पुन्हा मिटला, उघडला. सरपंचांसाठी पुन्हा. दुकानदार माणूस, गिऱ्हाईक पुढे उभं असलं की त्यांना थांबता येत नाही. शेवटी 'घूं' चं 'खर्र' झालं आणि तंबू अर्ध्यावर अडकला. ना उघडा, ना मिटलेला. तो तसा डोक्यावर असताना गाडी रस्त्यावरही नेता येईना.

पुण्याला फोन लावला. तिथला माणूस फार गोड बोलला. पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो, तोवर कशालाही हात लावू नका, म्हणाला.

आता ह्यांचा चेहरा उजळला. "पाना-पेंचिस पाहिजे, बस्स. दोन मिनिटांत करतो."

"मग आणा नं," साडूभाऊ म्हणाले.

हे जीपमध्ये शिरले ते बराच वेळ बाहेरच येईनात. मी डोकावले. हे पलंगाकडे टक लावून उभे. अवजारांची पेटी पलंगाखालच्या खणात होती. खणाचं झाकण किचनच्या ओट्याखाली गेलं होतं. आणि ओटा चाचांनी मोठ्या प्रेमाने नटबोल्टांनी आवळला होता. ते नट खोलायचा पाना पेटीत होता.

मला हसू आवरेना. बहीण विचारायला आली, तिला सांगितलं, ती मटकन खालीच बसली आणि पोट धरून हसली.

मग बागवाल्यांच्या ट्रॅक्टरचा पाना आला. ह्यांनी आपलं किचन स्वतःच्या हाताने खोललं. ओटा, शेगडी, नळ, सगळं गवतावर मांडलं गेलं. पेटी निघाली, तोवर दिवस मावळला होता आणि अंधारात तंबूची मोटार काही दिसत नव्हती. साडूभाऊंचा ओटाही त्याच बटणावर आत अडकलेला, त्यामुळे दोन्ही गाड्यांत मिळून एक कप चहा होईना. बागवाल्यांच्या घरून भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा आला.

पुरुष बागेतल्या खोलीत झोपले. आम्ही दोघी हट्टाने त्या अर्धवट तंबूत शिरलो. तो असा कलला होता की मी तिच्यावर घसरायची आणि ती कापडावर. लग्नानंतर आम्ही दोघी एका गादीवर झोपलोच नव्हतो. ती माझ्या कानाशी कुजबुजली, "ताई, मले तर वाटे आपण महाबळेश्वरच्या हाटेलात जाऊ." मी म्हणाले, "मले पण." मग बाबांच्या, शाळेच्या, तिच्या सासूच्या गोष्टी निघाल्या. इतकं बोलणं फोनवर कधी झालं नव्हतं.

सकाळी ह्यांनी मोटार खोलली, आतला जळका भाग बाजूला केला, आणि चार माणसांनी दोरी ओढून तंबू मिटवला. साडूभाऊ दोरी धरून घामाघूम झाले होते, पण त्या बटणाने त्यांना इतकं खूश केलेलं मी पाहिलं नव्हतं.

हल्ली दर रविवारी ते अकोल्याहून येतात. तयार गाडी कव्हर घालून घरी ठेवतात आणि बसने येतात, सोबत जुना शर्ट. बहीणही येते, आम्ही दोघी सिनेमाला जातो. परवा परतलो तर चाचांसकट तिघे जीपभोवती उभे. साडूभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदा ड्रिल चालवलं होतं, आणि दाराला आरपार भोक पडलं होतं.

"राहू द्या," हे त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "हवा येईल."