बिलिरुबिनवाली आत्या

पिवळ्या रंगाचा माझ्या आत्याइतका संशय घेणारं माणूस अख्ख्या भिवंडीत सापडायचं नाही. मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत तिनं नवजात बाळांच्या काविळीवर संशोधन करण्यात उभं आयुष्य घालवलं, आणि घरी आली तरी ती कावीळ काही तिच्या डोक्यातून उतरत नसे. रक्तातल्या बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याचा, आकडा ती दिसेल त्या पिवळ्याला लावायची. पंगतीत पानातलं श्रीखंड निरखून म्हणायची, "हे आठ." आमरस वाढला की, "हा वीस! दाखल करा याला." बारशाला गेली की आधी बाळाला खिडकीपाशी न्यायची, नाक अंगठ्यानं हलकेच दाबायची आणि अंगठा उचलल्यावर कातडी कशी दिसते ते बघायची. ती दारात दिसली की बायका पोरं पदराखाली घेत.

एकदा धामणकर नाक्यावर शेअर रिक्षावाल्यानं चौथं माणूस कोंबलं. आत्यानं त्याला तिथल्या तिथे सगळा विषय शिकवला. "खून में जो अल्ब्युमिन है ना, वो तुम्हारी रिक्षा. बिलिरुबिन मतलब सवारी. सीट भर गई तो बाकी सवारी किधर जाएगी? सीधी बच्चे के दिमाग में!" घाबरून त्यानं चौथ्या माणसाला उतरवलं. ते चौथं माणूस म्हणजे मी. "तू चालत ये गं," म्हणून आत्या निघून गेली.

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी जवळच्याच कोन गावी सासरी होते. चौथ्या दिवशी आत्या आली. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, पोर कशी सोन्यावानी हाय! आन् शांत किती, दुदाला पन उठत न्हाय." आत्यानं मुलीला खिडकीपाशी नेलं, पायांचे तळवे पाहिले; पिवळेपणा पार तिथवर पोचला होता. एरवी अखंड बोलणारी ती बाई एवढंच म्हणाली, "गाडी काढा."

"अवो, सकालच्या उन्हात धरली का उतरंल!"

"नाही उतरणार, ताई. आत्ता निघायचं."

दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरांनी मुलीला लगेच निळ्या दिव्यांखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. दोन दिवस आत्या काचेपाशी बसून होती. तिसऱ्या सकाळी मुलगी भुकेनं कडाडून रडली, तेव्हा आत्याही रडली. आत्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आत्या, तू आली नसतीस तर?"

तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "माझ्या पाठचा एक भाऊ होता. सहा दिवसच जगला. मी सात वर्षांची होते. तो पिवळा व्हायला लागला ते सगळ्यांत आधी मला दिसलं होतं."

आणखी एक काका होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग सांगितलं नाहीस कुणाला?"

"नाही गं," आत्या म्हणाली. "मला तो रंग फार आवडला होता."