दादाची जोडपायी उडी

दादा गेला. पहाटे, झोपेत.

ज्या माणसाने मला आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरवलं, तो इतका गुपचूप जाईल असं वाटलं नव्हतं.

गोष्ट इंग्रजांच्या वेळची. आमचं गाव सारंगखेड्याच्या अलीकडे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी झोक्यावर आणि पोरं विहिरीवर. शेजारच्या गावाशी उड्यांची शर्यत लागायची.

पाण्याकडे पाठ करून काठावर उभं राहायचं. मागे उडी, हवेत गिरकी, आणि पायांवर पाण्यात.

त्यात दोन प्रकार. एकपायी आणि जोडपायी.

हवेत दोन्ही सेम टू सेम. फरक फक्त काठ सोडताना. एका पायाने रेटा दिला की अंग आपोआप विहिरीच्या मध्यावर जातं. दोन्ही पाय जोडून उडालं तर भिंतीलगत पडतं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथे खडक असायचे. म्हणून मान जोडपायीला.

नात टीव्हीवर बर्फावरचं स्केटिंग बघते. त्यातही म्हणे असंच असतं, उडी ओळखायची ती पायावरून.

पण आमच्याकडे सगळे वर गिरकीच बघायचे. दादाने त्याचाच फायदा घेतला. पाय जोडून उभा राहायचा आणि शेवटच्या क्षणी डावा हळूच उचलायचा. दरवर्षी पहिला नंबर!

रागावू नकोस दादा, पण मला माहीत होतं. मी समोरच्या काठावर बसून तुझे पायच बघायचे. लहान होते, आंधळी नव्हते.

त्या वर्षी शेजारच्या गावचा धुडकू म्हणाला, हा पाय उचलतो. मी काठाशी आडवा पडून याच्या टाचा बघणार. पंचांनी ठरवलं, धुडकू सांगेल ते खरं.

दादाने खरी जोडपायी जन्मात मारली नव्हती. माघार घ्यावी तर इतक्या वर्षांची चोरी कबूल केल्यासारखी.

तो माझ्याजवळ आला.

"घाबरू नको. काय व्हत नही."

त्याचे ओठ पांढरे पडले होते.

पळत जाऊन मायला आणावं म्हटलं, तर पाय उचलेना.

तो काठावर उभा राहिला. मी वाट बघत होते, आता डावा उचलेल. उचल रे बाबा.

नाही उचलला. दोन्ही टाचा एकदम सुटल्या.

आणि नेमका तेव्हाच धुडकूने भीतीने डोळे गच्च मिटले.

धप्प आवाज झाला. दादा वर येईना.

मी गळा काढला. कुणीतरी धोतर खोचून पायऱ्या उतरायला लागलं. मग भिंतीलगत त्याचं डोकं दिसलं. खांदा सोलून निघाला होता.

धुडकू उठला, अंग झटकलं आणि म्हणाला, "एकपायीच व्हती."

झालं. शर्यत गेली. मी ओरडून ओरडून सांगत होते, पण तिथे पोरीला कोण विचारतं?

घरी जाताना दादाने माझा हात धरला.

"तू देखी ना?"

"देखी."

"मंग झायं."

पुन्हा त्याने उडी मारली नाही. धुडकूशी भांडलाही नाही.

आता धुडकू नाही, पंच नाहीत. बघणारी मी एकटी उरले, आणि माझाही काय भरवसा? म्हणून आज फेसबुकवर, सगळ्यांसमोर सांगते.

उडी जोडपायी होती. मी बघितली.

नीट जा दादा. तुझ्या धाकट्या बहिणीचा शेवटचा नमस्कार.