सतरा नंबर

शिबिरात आम्हाला नावं नव्हती. आडनाव कळलं की जात कळते आणि जात कळली की पंगतीत माणसं सरकून बसतात, म्हणून देशउभारणीच्या त्या युवक योजनेत पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या दंडावर आकडा बांधला. मी सतरा. नाव विचारायचं नाही, सांगायचं नाही. चिकपेटेतल्या आमच्या घरात दहा माणसं दिवसभर माझ्या नावानं ओरडत असायची, त्यामुळे मला तर सुटल्यासारखंच झालं.

काम होतं शहराबाहेर, बनशंकरीच्या पलीकडे, एका आटलेल्या तळ्यातला गाळ काढायचं. तेव्हा तिकडे वस्ती कसली, नुसती नाचणीची शेतं. आमच्या तुकडीचा प्रमुख निपाणीकडचा, कारखान्यातून रजा काढून आलेला. रोज सकाळी तो कन्नडमधून आकडे पुकारायचा आणि माझ्या आकड्यापाशी आला की त्याचा आवाज स्वल्प खाली यायचा. हे बाकीच्या मुलींनी माझ्याआधी हेरलं आणि मला जीव नकोसा केला. मी वरवर चिडायचे. खरं सांगते, मला तो आवडला होता.

गाळ उपसताना तळ्यात एक जुनी विहीर लागली. कठडा ढासळलेला, आत काळं पाणी. गावातल्या बायका त्या बाजूला फिरकत नसत. का म्हणून विचारलं तर "बेडा अक्का", नको गं बाई, एवढंच म्हणून निघून जात.

डिसेंबरातल्या एका सकाळी आठ वाजले तरी धुकं हटेना. मी टोपली घेऊन निघाले तोच हाक आली. आवाज त्याचाच. नाव मात्र भलतंच, कुणा दुसरीचं. ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या नावाची कुणी माझ्या ओळखीत नव्हती, तरी माझे पाय वळले. हाक आपल्यालाच आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका वाटली नाही. आज भीती वाटते ती याचीच.

"हदिनेळु! निल्लू!"

सतरा, थांब. हा आवाजही त्याचाच, पण मागून आलेला. मी थांबले. पायाखालचं ढेकूळ निसटलं आणि बऱ्याच वेळानं खाली पाण्यात पडल्याचं ऐकू आलं. पहिली हाक समोरून आली होती, विहिरीच्या बाजूनं.

त्या हाकेबद्दल मी कुणापाशी बोलले नाही, त्याच्यापाशीही नाही. शिबिर संपल्यावर त्याच्या घरचे मागणी घालायला आले. आई म्हणाली, "गाळ उपसायला पाठवली होती, हिनं जावई उपसून आणला." पण तीही खूश होती.

लग्नानंतर सासरी ताटात तांदूळ पसरले आणि त्यानं, म्हणजे आता त्यांनी, अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. मी वाकून पाहिलं. तेच नाव होतं.

"हे कुठून आणलंत?" मी सगळ्यांदेखत विचारलं.

ते हसले. "तूच तर सांगितलंस. त्या दिवशी धुक्यात माझ्या शेजारी उभी होतीस. मी नियम मोडून नाव विचारलं, तू हळूच सांगितलंस. मग धुकं विरळ झालं, तर तू पार विहिरीपाशी! पुढे खरं नाव कळलं तेव्हा वाटलं, नियमाला घाबरून खोटं सांगितलं असशील. पण मला तेच आवडलं."

त्या सकाळी मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

"वाच की गं मोठ्यानं," सासूबाई म्हणाल्या. एकदा वाचलं की ते नाव माझं होणार होतं. मी तळहात फिरवून तांदळातलं नाव पुसून टाकलं. बायकांत कुजबुज सुरू झाली, कुणी तरी "अपशकुन" म्हणालं.

"सतरा लिहा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आकडा काढला. आजही घरात मी सतराच आहे. दुसऱ्या नावानं हाक येते कधी कधी, त्यांच्याच आवाजात. मी ओ देत नाही.