ठेवणीतलं लुगडं

बायकोला ठेवणीतलं लुगडं नेसायला मीच लावलं. चूक माझी. साहेबाच्या हापिसात जायचं तर नीट जावं, एवढी अक्कल मला होती. एवढीच होती.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झालेली. जळगाव जामोदच्या एका कापसाच्या जिनात मी रेच्यावर होतो, सरकी काढायच्या यंत्रावर. कामगारांसाठी आजारी फंड होता, आमच्याच पगारातून कापलेला. पण रोगी आधी साहेबाला दाखवायचा, साहेबानं चिठ्ठी द्यायची, मगच मलकापूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचा. चिठ्ठी नाही तर फंड नाही. साहेब डॉक्टर नव्हता. कापसाची प्रत मात्र नुसत्या नजरेनं सांगायचा.

गंगूला चौथा महिना होता. पोटात उजवीकडे दुखायचं, दोन दिवस अन्न नव्हतं. मी तिला उठवलं, केस विंचरायला लावले, ठसठशीत कुंकू लावायला लावलं.

"मले उभं राहवत नाही, अन् तुमी लुगडं काय काढता?"

"साहेबापुढं मळकं जाऊन कसं चालीन?" मी म्हणालो. माझ्या टोपीलाही नीळ दिली होती.

साहेबानं तिला वरून खाली पाहिलं. ढिगातला कापूस पाहतो तसं.

"लग्नाला निघालात की दवाखान्यात?"

कारकून हसले. मीही हसलो. साहेबाच्या विनोदाला हसायची तोंडाला सवय होती. गंगू भिंत धरून उभी होती.

"उद्या बघू," साहेब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं एकाएकी थांबलं. मी खूश. शेजारी गूळ वाटायचाच काय तो राहिला. शहाणपणा म्हणून चिठ्ठीची आठवणही काढली नाही. दुपारी जेवायला घरी आलो तर तिचे ओठ काळवंडलेले. पोट फळीसारखं कडक. डोळे माझ्याकडे होते, पण मला पाहत नव्हते.

हापिसात धावलो. "साहेब बाहेरगावी गेले. चारला येतील," कारकुनानं मान वर न करता सांगितलं.

फाटकाशी रहीमचाचांचा ट्रक उभा होता. मलकापूरला जायच्या गाठी भरलेल्या. गाठींची चिठ्ठी सकाळीच सही होऊन आली होती. कापसाला थांबावं लागलं नव्हतं.

"गंगूले आण बे," चाचा म्हणाले. "कोनाची वाट पाहून राह्यला?"

चौकीदार आडवा आला. "चिठ्ठीबिगर नेशीन तं फंड इसर."

"इसरलो," मी म्हणालो. जिनात कुणाला दिलेलं माझं पहिलं उलट उत्तर.

मलकापूरच्या डॉक्टरनं एकच विचारलं, "काल का नाही आणलंत?" दुखणं थांबलं तेव्हाच अपेंडिक्स फुटलं होतं, पू पोटभर पसरला होता. गंगू वाचली. चार महिन्यांचं गेलं.

कामावर परतलो तर साहेबानं कागद पुढं सरकवला. नियम मोडला, माफी असावी, असं त्यावर तयारच लिहिलेलं. "सही कर. मग फंडाचा विचार करू."

हात सवयीनं टोपीकडे गेला. तिथंच थांबवला.

"चूक झाली साहेब. पण या कागदावर लिहिली ती नाही."

सही केली नाही. फंड मिळाला नाही.

त्या दिवसापासून पाळी सुटली की मी फाटकाशी उभा राहून बोलू लागलो. आधी दवाखाना, मग चिठ्ठी. रोग डॉक्टरनं पाहावा. यापुढं कुणाचीही बाई साहेबाला दाखवायला न्यायची नाही, कुणाचीच नाही. साहेबाचा माणूस कोपऱ्यात उभा राहून नावं टिपायचा. पहिलं माझं. कामावरून काढलंच तर फाटकाच्या बाहेरून बोलेन, पण बोलेन.

एका संध्याकाळी गंगू ऐकायला आली. माझं बोलणं जोरात झालं. वाटलं, आता काही बरं बोलेल.

"समदं सांगता," ती चारचौघांत म्हणाली. "लुगडं कोनं काढलं अन् संगं हसलं कोन, ते काऊन नाही सांगत?"